तासाचे तेराशे रुपये जातात कुठे? नाशिकमध्ये थेरपिस्टची प्रॅक्टिस टिकते कशी

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं प्रकरण न्यायालयापुढे होतं. त्यातल्या एका सूचनेनुसार, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. विद्यार्थी कमी असतील, तर बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याची रीतसर सोय हवी.

साहजिकच, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर क्लासच्या पाट्यांइतक्याच आता समुपदेशनाच्या पाट्या दिसतील का, असं लोक विचारू लागले आहेत. मानसशास्त्रात एमए करून बाहेर पडलेल्यांना वाटतं, आपणही एक खोली घ्यावी. पालकांना मात्र पहिल्याच फोनवर फी ऐकून धक्का बसतो. खरं तर दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच आहे: या कामाचा हिशोब बसतो कसा? तो बसला नाही तर वर्षा-दीड वर्षात दार बंद होतं, आणि उपचारात अर्ध्यावर आलेली माणसं उघड्यावर पडतात.

पाटीवरचे शब्द आधी नीट वाचू

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. इथल्या सगळ्यांत औषध तोच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केलेली व्यक्ती. ही परिषद 1992 च्या कायद्याखाली चालते. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञ यांना 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात जागा मिळाली आहे. 'थेरपिस्ट' हा बोलीतला शब्द आहे, ती पदवी नव्हे. या लेखात तो बोलून उपचार करणाऱ्या सगळ्यांसाठी वापरला आहे. एका भेटीला सगळे 'सेशन' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

नोंदणी नसताना पाटीवर 'क्लिनिकल' लिहिणं ही नव्या प्रॅक्टिसमधली सगळ्यात महागात पडणारी चूक. ती कायद्यात बसत नाही, आणि शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या ती पहिल्याच आठवड्यात लक्षात येते. मग त्यांच्याकडून कोणी पाठवलं जात नाही.

माल एकच: तास

गरज भरपूर आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. तरीही प्रॅक्टिस बंद पडतात, कारण विकायला तास आहेत आणि ते मोजकेच आहेत.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदाराला हे वेगळं समजवावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर आलेले सगळे घड तसेच ठेवले तर मणी फुगत नाहीत, गोडी भरत नाही, आणि वेल थकते ती पुढच्या हंगामालाही सावरत नाही. म्हणून तो विरळणी करतो. चांगले दिसणारे घडसुद्धा हाताने काढून टाकतो.

तसंच थेरपिस्टनेही आठवड्याला साधारण वीसच सेशन्स धरावीत. एक सेशन 50 मिनिटांचं, त्यानंतर दहा मिनिटं नोंदीची. वर पहिले फोन, डॉक्टरांशी बोलणं, अहवाल, हिशोब, वाचन. वीस सेशन्सचा आठवडा अशा रीतीने तीस-बत्तीस तासांवर जातो. दिवसात चार सेशन्सपर्यंत लक्ष ताजं राहतं. सहाव्या सेशनला समोरच्याच्या बहिणीचं नाव चुकतं. समोरचा काही बोलत नाही, पण आपलं ऐकलं गेलं नव्हतं हे त्याला कळतं. पुष्कळदा तो पुढच्या आठवड्यात येत नाही.

आता हिशोब. आकडे उदाहरणासाठी आहेत, आपापले घालून पाहावेत.

वर्षाचे 52 आठवडे. दिवाळी, गणपती, आजारपण, प्रशिक्षण, सुट्टी मिळून आठ वजा करा, राहिले 44. वीसने गुणलं की 880 सेशन्स. त्यातली 15 टक्के ऐनवेळी रद्द होतात किंवा बुडतात. हातात राहतात 748.

महिन्याचा खर्च: खोलीचं भाडं 12,000, वीज-इंटरनेट-फोन 3,000, साफसफाई 1,500, सुपरव्हिजन (अनुभवी व्यक्तीकडून कामाची तपासणी, त्याबद्दल पुढे) 3,000, प्रशिक्षण 3,000, सीए 1,500, चाचण्यांचं साहित्य आणि किरकोळ 2,000. एकूण 26,000, म्हणजे वर्षाला 3,12,000. घरखर्चासाठी महिना 45,000 धरले तर 5,40,000. कर, म्हातारपण आणि अडीअडचणीसाठी महिना 10,000, म्हणजे 1,20,000. बेरीज 9,72,000. भागिले 748. उत्तर येतं 1,300 रुपये.

म्हणजे तेराशेतले साधारण सव्वासातशे रुपये घरी जातात. बाकीचे खोली, शिक्षण आणि उद्याची तरतूद यात जातात. नाशिकमधल्या कुठल्याही जाणत्या व्यावसायिकाला हे प्रमाण ओळखीचं वाटेल.

नवे लोक हा भागाकार उलटा करतात. शेजारचा आठशे घेतो म्हणून आपण सातशे ठेवू, असं ठरवतात. मग कमी पडलेलं भरून काढायला आठवड्याला पस्तीस सेशन्स घेतात, आणि तिथून थकवा सुरू होतो.

'नुसतं बोलायचे एवढे?'

हा प्रश्न रास्त आहे, कारण बाहेरून दिसतं ते बोलणंच. दर सेशनला उद्देश असतो: झोप का तुटते, कुठल्या प्रसंगानंतर छातीत धडधडतं, माणूस काय टाळतो आणि टाळल्याने त्रास कसा वाढतो. सहा-आठ सेशन्सनंतर काय बदललं हे मोजलं जातं. बदल नसेल तर पद्धत बदलायची किंवा दुसरीकडे पाठवायचं. थेरपिस्ट हे सांगत नसेल, तर पैसे देणाऱ्याने जरूर विचारावं.

सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी व्यक्तीसमोर, नाव-गाव न सांगता, आपल्या कामाची तपासणी करून घेणं. मोठे डॉक्टर सेकंड ओपिनियन घेतात, तसंच हे, फक्त नियमित. अडचण आली की पहिल्यांदा याच खर्चाला कात्री लागते, आणि ती लागली की चुका कोणालाच दिसत नाहीत.

मग ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं?

दरवेळी घासाघीस करून कमी करणं हा वाईट मार्ग आहे. ज्याला मागायचा संकोच वाटतो तो पूर्ण फी भरतो, ज्याला बोलता येतं त्याला सवलत मिळते. त्यापेक्षा वीसमधल्या चार जागा आधीच राखून ठेवाव्यात, त्यांची फी समजा 500. हिशोब असा: 748 चे वीस टक्के म्हणजे सुमारे 150 सेशन्स, त्यातून 75,000. उरलेल्या 598 सेशन्समधून 8,97,000 यायला हवेत. पूर्ण फी 1,500 होते.

हे दोनशे रुपये कुठून आले ते लोकांना स्पष्ट सांगावं. पुष्कळांना ते पटतं. राखीव जागा सहा महिन्यांसाठी द्यावी आणि मग परत बोलावं. उत्पन्नाचे दाखले मागू नयेत, त्या कागदानेच माणूस अर्धा मोडतो. चारही जागा भरल्या असतील तर तसं सांगून यादीत नाव घ्यावं आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक तिथल्या तिथे द्यावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची माहितीही द्यावी.

विम्याचं काय, असं विचारलं जातं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरायला सांगितलं आहे. पण बहुतेक पॉलिस्या दाखल झाल्यावरचा खर्च देतात. दर आठवड्याचं सेशन सहसा खिशातूनच जातं.

बुडालेलं सेशन

वरच्या हिशोबात 15 ऐवजी 25 टक्के सेशन्स बुडाली तर 660 उरतात, आणि तीच बेरीज जमवायला फी 1,300 वरून 1,473 वर जाते. नियमित येणाऱ्याने न येणाऱ्याचा भार उचलायचा, असा याचा अर्थ.

म्हणून नियम पहिल्याच भेटीत, कागदावर, मराठीत हवा. 24 तास आधी कळवलं तर काही नाही, नंतर कळवलं तर पूर्ण किंवा अर्धी फी. ताप, अपघात, घरातला मृत्यू हे अपवाद. आदल्या दिवशी सकाळी एक मेसेज जावा, आणि त्यात 'समुपदेशन' किंवा 'थेरपी' हा शब्द नको. फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो. 'उद्या 5 वाजता भेटूया' एवढं पुरे.

सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी नियम थोडा वाकवावा लागतो. शिफ्ट दर आठवड्याला फिरते, त्यामुळे 'दर मंगळवारी पाच' ही वेळ त्यांना पाळताच येत नाही. एक आठवडा सकाळची, एक आठवडा संध्याकाळची अशा दोन वेळा लावून दिल्या तर सेशन्स बुडायची थांबतात.

खोली: शब्द बाहेर जाता कामा नयेत

सुरुवातीला पूर्ण गाळा घेऊ नये. एखाद्या डॉक्टरांची ओपीडी दुपारी दोन ते पाच रिकामी असते, ती आठवड्यातून दोन दिवस भाड्याने मिळते. सलग तीन महिने आठवड्याला दहा सेशन्स भरली की मगच स्वतःच्या जागेचा करार करावा.

जागा पाहताना एक चाचणी करा. आत फोनवर बातम्या लावा, बोलण्याच्या आवाजाइतक्या. दार लावून बाहेर बसायच्या खुर्चीवर जा. आवाज आला तर चालेल, शब्द कळता कामा नयेत. व्यापारी संकुलांतल्या खोल्या इथे हमखास नापास होतात. कारण वर दडलेलं असतं: मधलं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलेलं असतं, स्लॅबला भिडलेलं नसतं. आवाज वरून पलीकडे उतरतो. पार्टिशन स्लॅबपर्यंत नेणं हाच खरा उपाय. तोवर पोकळ दाराऐवजी भरीव फ्लश डोअर, दाराखाली रबराची पट्टी, सामायिक भिंतीला पुस्तकांचं भरलेलं कपाट आणि बाहेर बसायच्या जागेत चालू पंखा. एवढ्याने बरंच साधतं.

खुर्च्या समोरासमोर नकोत, थोड्या तिरप्या असाव्यात, म्हणजे नजर हलवायला जागा राहते. येणाऱ्याची खुर्ची दाराच्या बाजूला. घड्याळ त्याच्या पाठीमागे, थेरपिस्टला मान न वळवता दिसेल असं.

नाशिक मोठं झालं, तरी अजून ओळखीचं शहर आहे. जिन्यात मामेभाऊ भेटतो. म्हणून अकराचं सेशन 11:50 ला संपलं तर पुढचं 12:10 ला ठेवावं. आधी आलेला खाली उतरल्यावरच दुसरा वर यावा. पाटीवर नुसतं नाव आणि पात्रता असली की पुरतं. आणि पैसे घेताना यूपीआयवर नाव काय दिसतं ते तपासा. घरच्या सामायिक खात्यावर 'मानसिक आरोग्य केंद्र' अशी नोंद उमटली, तर नवऱ्याला न सांगता येणारी बाई पुन्हा येणार नाही.

'ऑनलाइनच करा, भाडं वाचेल'

काही जणांसाठी उत्तम. येवला, कळवण, सटाण्याहून दर आठवड्याला एसटीने येणं शक्य नसतं. 2027 च्या सिंहस्थात रामकुंड-पंचवटी भागातले रस्ते पर्वणीला बंद राहतील, तेव्हा शहरातल्यांनाही ऑनलाइनचाच आधार.

पण तीन खोल्यांच्या घरात सासू बाहेर बसलेली असताना कोण मोकळं बोलणार? त्यामुळे ऑनलाइन सुरू करण्याआधी विचारून घ्यावं: दार लावता येतं का, इअरफोन आहे का, या क्षणी तुम्ही कुठल्या पत्त्यावर आहात, आणि तातडीला कोणाला फोन करायचा. शेवटची दोन उत्तरं दर वेळी लिहून ठेवायची. जिवाचा धोका निर्माण झाला तर समोरचा माणूस कुठे आहे हेच माहीत नाही, असं होता कामा नये. आत्महत्येच्या विचारांत असलेली व्यक्ती, हिंसा होत असलेलं घर आणि लहान मुलं यांच्यासाठी शक्यतो खोलीच बरी.

वर्षाचा चढउतार

थेरपिस्टची मिळकत दर महिन्याला सारखी येत नाही. जानेवारी ते मार्च परीक्षेमुळे विद्यार्थ्यांची गर्दी, मेमध्ये शुकशुकाट, दिवाळीच्या आठवड्यात कोणी नाही. द्राक्षवाल्या घरांतली माणसं छाटणी आणि काढणीच्या दिवसांत येऊच शकत नाहीत. त्यांना त्या काळापुरतं पंधरा दिवसांनी फोनवर बोलण्याची सोय द्यावी.

भाडं मात्र बारा महिने. म्हणून तीन महिन्यांचा प्रॅक्टिसचा आणि घरचा खर्च, वरच्या उदाहरणात 2,13,000 रुपये, वेगळ्या खात्यात जमेपर्यंत अर्धवेळ नोकरी सोडू नये. शाळेतलं किंवा कॉलेजातलं आठवड्याला दोन दिवसांचं काम यासाठी चांगलं, आणि न्यायालयाच्या सूचनांमुळे अशी कामं निघायला हवीत. एक पथ्य पाळावं: शाळेत ज्या मुलाला भेटता, त्यालाच संध्याकाळी स्वतःच्या खोलीवर पैसे घेऊन बोलावू नये. संस्थेचा आणि पालकांचा विश्वास एकदम जातो.

माणसं पाठवतं कोण?

फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, कौटुंबिक वाद चालवणारे वकील, शाळेचे मुख्याध्यापक. वीस जणांना कार्ड वाटण्यापेक्षा पाच जणांना वीस मिनिटं भेटावं आणि आपण काय करतो, त्याहून जास्त, काय करत नाही हे सांगावं. त्यांनी पाठवलेली व्यक्ती आली, तर तिच्या परवानगीने चार ओळींचं पत्र परत पाठवावं. डॉक्टरांकडे असं पत्र क्वचितच येतं, म्हणून ते लक्षात राहतं.

कट देऊ नये, घेऊ नये. पाठवण्याचे पैसे सुरू झाले की व्यक्ती कोणाकडे जावी हे तिच्या गरजेवर ठरत नाही.

गूगलवर चांगला अभिप्राय लिहा, असं येणाऱ्यांना सांगू नये. त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि लिहिलं की ते थेरपी घेतात हे जगाला कळतं. कोणी वाईट लिहिलं तरी 'तुम्ही आमच्याकडे आला होतात' असा खुलासा करू नये. तो खुलासा म्हणजेच गोपनीयतेचा भंग.

कागदपत्रं

ही बाजू लोकांना वाटते तितकी अवघड नाही. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणं पुरतं. व्यवसाय कराची नावनोंदणी, म्हणजे पीटीईसी, करून वर्षाला 2,500 रुपये भरायचे. वार्षिक जमा 20 लाखांपुढे गेली की जीएसटीचा प्रश्न येतो. आरोग्यसेवेला सूट आहे, ती आपल्या पात्रतेला लागू होते का हे सीएकडून लेखी घ्यावं. रुग्ण दाखल करून ठेवणार नसाल तर मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागत नाही.

संमतीपत्राला मात्र वेळ द्यावा. सोप्या मराठीत, दोन पानं: फी, वेळ, रद्द करण्याचा नियम, नोंदी कुठे राहतात, आणि गोपनीयता कुठे संपते. 2017 च्या कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तसे अपवादही दिले आहेत. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर माहिती द्यावी लागते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे आधी न सांगता नंतर कळवलं, तर मुलाला ती फसवणूक वाटते.

एकट्याने करू नये

प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार: पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. नाशिकमध्ये नाही. म्हणून पहिलं सेशन घेण्याआधी किमान दोन मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठेवावं: आत्महत्येचा धोका वाटला, भास होत असतील, चार-चार दिवस झोप नसेल, तर त्याच दिवशी ते पाहतील का? दोन एवढ्यासाठी की एक नेमका गावाला गेलेला असतो. त्यांचे आणि रात्री उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचे नंबर टेबलाच्या खणात, कागदावर लिहिलेले हवेत.

आणि थेरपिस्टच आजारी पडला तर? गाडीवरून पडून महिनाभर अंथरुणाला खिळला, तर सोमवारी पाच वाजता जिना चढून आलेल्या माणसाला कुलूप दिसेल. यासाठी एका विश्वासू सहकाऱ्याकडे बंद पाकीट द्यावं. आत चालू असलेल्यांची नावं, फोन नंबर, कोणाला मेसेज चालतो आणि कोणाला फक्त दुपारी फोन करायचा, कोणाच्या बाबतीत जास्त काळजी घ्यायची. आजाराचा तपशील त्यात नको. संमतीपत्रात या सोयीची एक ओळ असावी. दर तीन महिन्यांनी जुनं पाकीट फाडून नवं द्यावं, कारण तीन महिन्यांत यादी बदललेली असते.